श्रुतलेखनात पैकीच्या पैकी, मग निबंधात तेच शब्द का चुकतात?

घणसोलीत राहणाऱ्या एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची मुलगी मराठी माध्यमाच्या शाळेत तिसरीत शिकते. दर सोमवारी शाळेतून 10 नवे शब्द मिळतात, मुलगी ते रोज वहीत पाच-पाच वेळा लिहून काढते आणि शुक्रवारच्या श्रुतलेखनात तिला बहुतेक वेळा पैकीच्या पैकी गुण मिळतात. मात्र पंधरा दिवसांनी निबंधात किंवा परिसर अभ्यासाच्या उत्तरात तेच शब्द चुकतात, आणि त्यांतले बरेच शब्द तर ती स्वतःहून कधी वापरतच नाही. घरी रोज अर्धा तास देऊनही असे का होते आणि त्या अर्ध्या तासात नेमके काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

ठाण्यात आणि नवी मुंबईत प्राथमिक वर्गांना भाषा शिकवताना, आणि पुढे शिक्षकांची प्रशिक्षणे घेताना, पालकांकडून हा प्रश्न मी सतत ऐकत आले आहे. म्हणून आधी हे स्पष्ट सांगते की यात मुलीचा आळस नाही आणि तिची स्मरणशक्तीही कमी नाही. श्रुतलेखनात तिला जे विचारले जाते आणि निबंधात तिला जे लिहावे लागते, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. श्रुतलेखनात ‘दूध’ हा सुटा शब्द येतो. निबंधात ‘दुधात’, ‘दुधाची’, ‘दुधावरची’ अशी रूपे येतात. श्रुतलेखनात ‘विहीर’ येते, निबंधात ‘विहिरीवर’ येते. मुलीने ‘दूध’मधला दुसरा उकार घोटून पक्का केलेला असतो, म्हणून ती निबंधात इमानेइतबारे ‘दूधात’ लिहिते आणि तिथे तिचा गुण कापला जातो. ज्या उकारासाठी शुक्रवारी शाबासकी मिळाली, त्याच उकाराखाली पंधरा दिवसांनी लाल रेघ का येते, हे तिला कोणीही सांगितलेले नसते.

प्रत्यय लागण्यापूर्वी नामाचे जे बदललेले रूप होते त्याला सामान्यरूप म्हणतात. हे नाव मुलांना वरच्या इयत्तांत व्याकरणाच्या तासाला भेटते, पण ते रूप लिहिण्याची वेळ मात्र पहिले वाक्य लिहायला लागल्यापासूनच येते. इंग्रजीत शब्दांची यादी पाठ करून बरेचसे काम भागते, कारण तिथे नाम वाक्यात गेले तरी फारसे बदलत नाही. आपल्याकडे मात्र सुट्या शब्दांची यादी हे निम्मेच काम आहे, आणि आपल्या शाळांतली आठवड्याच्या शब्दांची पद्धत त्या निम्म्यावरच थांबते. माझ्या मते तुमच्या मुलीच्या अडचणीचे मूळ इथे आहे, आणि पुढे सुचवलेले बहुतेक उपाय याच एका गोष्टीवर बेतलेले आहेत.

यावर घरोघरी दिला जाणारा सल्ला असतो, ‘नीट ऐक आणि मग लिही.’ काना, मात्रा, ‘त’ आणि ‘थ’, ‘द’ आणि ‘ध’ यांच्यासाठी हा सल्ला योग्य आहे. वेलांटी आणि उकार यांच्यासाठी तो निरुपयोगी आहे. आजच्या बोलण्यात ‘इ’ आणि ‘ई’ किंवा ‘उ’ आणि ‘ऊ’ यांतला फरक अर्थ बदलण्याइतका राहिलेला नाही. तो बहुतांशी स्वराच्या शब्दातल्या जागेवरून ठरतो. शुद्धलेखनाचे सध्याचे नियमही याच जागेवर उभे आहेत. मराठी साहित्य महामंडळाने सुचवलेले 14 नियम राज्य शासनाने 1962 मध्ये मान्य केले आणि 1972 मध्ये आणखी 4 नियमांची भर पडली. या 18 नियमांपैकी तिसरी-चौथीच्या मुलाला खरोखर लागतात ते चार-पाचच, आणि ते नियम म्हणून पाठ करण्याची गरज नसते.

मुलांना समजेल अशा भाषेत मुख्य गोष्ट अशी सांगता येते. शब्दाच्या शेवटी येणारी वेलांटी किंवा उकार दुसरा असतो: नदी, पाटी, वस्तू, लाडू. ‘आणि’, ‘परंतु’ असे मोजके शब्द त्याला अपवाद आहेत. शब्दाच्या शेवटच्या अक्षराला काना, मात्रा, वेलांटी, उकार यांपैकी काहीच नसेल, तर त्याच्या आधीच्या अक्षराची वेलांटी किंवा उकार दुसरा असतो: दूध, फूल, मीठ, ऊस, बहीण, जमीन, गरीब. आणि शेवटच्या अक्षराला काही लागले, की आधीचे दुसऱ्याचे पहिले होते: दुधात, फुलाला, मिठाने, उसाचा, बहिणीला, जमिनीवर, गरिबाला. हे मुलांना सांगण्यापेक्षा त्यांच्याकडून शोधून घेतलेले जास्त टिकते. पंधरा-वीस जोड्या कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून त्यांचे दोन गट करायला लावले, तर तिसरीतली मुलेसुद्धा ‘शेवटी काना आला की उकार बदलतो’ असे आपल्या शब्दांत सांगतात, आणि एकदा ते आपल्या तोंडून निघाले की ‘गरीब’ आणि ‘गरिबी’ यांचे कोडेही आपोआप सुटते.

तीन अक्षरी शब्दांचा एक वेगळा गट आहे, त्यात पहिले अक्षर दीर्घ असते आणि प्रत्यय लागताना मधली वेलांटी किंवा उकार नाहीसा होतो: तारीख–तारखेला, बेरीज–बेरजेत, लाकूड–लाकडाचा, कापूस–कापसाचा, माणूस–माणसाला, पाऊस–पावसात. ‘वडील’मधले पहिले अक्षर ऱ्हस्व आहे, म्हणून तिथे ‘वडिलांना’ होते, ‘वडलांना’ असे लिहीत नाहीत. इतका तपशील मुलांना द्यायचा नाही, पण पालकाला तो ठाऊक असला म्हणजे मुलाच्या ‘असे का?’ या प्रश्नाला ‘असेच असते’ हे उत्तर द्यावे लागत नाही.

राहिले संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द. शरीर–शरीराला, गीत–गीतात, परीक्षा–परीक्षेत, पूजा–पूजेला, सूर्य–सूर्याला, गुण–गुणांनी, मंदिर–मंदिरात: यांची वेलांटी आणि उकार प्रत्यय लागला तरी जागचे हलत नाहीत. ‘तत्सम’ हा शब्द आठ वर्षांच्या मुलाच्या कामाचा नाही. ‘न बदलणारे शब्द’ असे शीर्षक देऊन एक कागद घराच्या भिंतीवर लावावा आणि असा शब्द भेटला की त्यात भर घालावी. हा गट पाठांतराचा आहे हे मी मान्य करते. इथे नियमाने काम होत नाही, कारण कोणता शब्द संस्कृत आहे हे मुलाला कळण्याचा मार्गच नसतो.

सामान्यरूपाचा सराव घरबसल्या करण्यासाठी तुमच्या परिसरातले सर्वांत उत्तम साहित्य म्हणजे तुमच्याच रेल्वेमार्गावरची स्थानके. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर मार्गाने निघाल्यावर लागणारी नावे घ्या आणि प्रत्येकाला ‘ला’ लावून लिहायला सांगा. ठाणे–ठाण्याला, रबाळे–रबाळ्याला, कोपरखैरणे–कोपरखैरण्याला, तुर्भे–तुर्भ्याला हा एक गट झाला. ऐरोलीला, घणसोलीला, वाशीला हा दुसरा, यात काहीच बदलत नाही. सानपाडा–सानपाड्याला हा तिसरा, आणि मध्य रेल्वेवरचा दिवा घेतला तर ‘दिव्याला’ याच गटात बसतो. आता नेरूळ आणि जुईनगर घ्या. ‘फूल’चे ‘फुलाला’ होते, म्हणून मुलगी ‘नेरुळाला’ लिहील, आणि मग स्वतःच हसेल, कारण तसे कोणी म्हणत नाही. आपण ‘नेरूळला’ म्हणतो. स्थलनामाचे शेवटचे अक्षर असे मोकळे असले की प्रत्यय सहसा थेट लागतो, शेवटी काना येत नाही, म्हणून मधला उकारही बदलत नाही. एकाच यादीत नियम, त्याचे कारण आणि त्याची मर्यादा असे तिन्ही हाती लागते, तेही ज्या नावांची उद्घोषणा मुले गाडीत रोज ऐकतात त्या नावांतून. पाट्यांवर मात्र विसंबून राहू नका. दुकानांच्या आणि इतरही पाट्यांवर ‘करुन’, ‘घेउन’ असे सर्रास लिहिलेले असते. ‘करून’, ‘घेऊन’, ‘जाऊन’ यांतला ऊकार नेहमी दीर्घ असतो. अशा चुका शोधून टिपून ठेवणे हा मुलांचा आवडता उद्योग होऊ शकतो, फक्त दुकानदाराला त्या सुनावण्याची परवानगी देऊ नये.

अनुस्वाराचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. ‘मुलांना’, ‘झाडांवर’, ‘आजोबांनी’, ‘बाईंनी’ यांतला अनुस्वार बोलताना अगदी पुसट होतो, त्यामुळे कानावर विसंबणारी मुले तो हमखास सोडतात. इथे अर्थ मदतीला येतो: अनेकांविषयी किंवा आदराने बोलत असू, तर प्रत्ययाच्या आधी अनुस्वार. ‘घरात’ म्हणजे एका घरात, ‘घरांत’ म्हणजे अनेक घरांत. घरात जुन्या वळणाचे आजी-आजोबा असतील तर इथे हमखास वाद होतो, कारण त्यांच्या शाळेच्या दिवसांत ‘नांव’, ‘कांही’, ‘पांच’ आणि एकाच घराबद्दलसुद्धा ‘घरांत’ असे लिहिणेच शुद्ध मानले जात होते. ते अनुस्वार 1962 च्या नियमांनी गेले. आजोबांचे चुकीचे नाही, त्यांचा नियम निराळा होता, एवढे सांगितले की घरातली शांतता टिकते.

आता वापराकडे वळते, कारण तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मला पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. मुलगी नवे शब्द वापरत नाही याचे कारण बहुधा असे असते, की तिला शब्द आणि त्याचा एका शब्दातला अर्थ एवढेच मिळालेले असते. ‘संकोच म्हणजे लाज’, ‘उत्सुक म्हणजे आतुर’ असे वहीत लिहिलेले असते. ‘आतुर’ तिला ठाऊक नसतो, त्यामुळे ‘उत्सुक’ही कळत नाही, आणि ‘लाज’ ठाऊक असते, त्यामुळे ‘संकोच’ कशाला हवा हे कळत नाही. शिवाय मराठी नाम वाक्यात बसवायचे तर अर्थाखेरीज आणखी तीन गोष्टी माहीत असाव्या लागतात. त्या नामाचे लिंग काय, प्रत्यय लागताना त्याचे रूप काय होते, आणि त्याच्याबरोबर कोणते क्रियापद जाते. यांतली एक जरी माहीत नसली तरी मूल तो शब्द टाळते आणि हाताशी असलेल्या ‘खूप छान’, ‘खूप मजा आली’ यांवर वेळ निभावून नेते.

म्हणून शब्दाच्या यादीऐवजी शब्दाची चिठ्ठी करावी, असे मी सुचवते. चिठ्ठीच्या एका बाजूला ‘तो संकोच – संकोचाने – संकोच वाटतो’. दुसऱ्या चिठ्ठीवर ‘ती अपेक्षा – अपेक्षेने – अपेक्षा ठेवते’. तिसरीवर ‘ते धाडस – धाडसाने – धाडस करते’. मागच्या बाजूला मुलीचे स्वतःचे एक वाक्य. अर्थ लिहूच नका. तो बोलून, प्रसंगातून सांगा. लिंग आणि सामान्यरूप यांचा संबंधही या चिठ्ठ्यांतून दिसू लागतो, कारण ‘तो’ आणि ‘ते’ यांचे मोकळ्या अक्षराने संपणारे शब्द ‘आ’ घेतात आणि ‘ती’चे आकारान्त शब्द ‘ए’ घेतात. क्रियापदाची जोडी तर प्रत्येक शब्दाची निराळी असते. निर्णय घेतात, अंदाज बांधतात, खंत वाटते, मात करतात. काही शब्दांना ठरावीक प्रत्ययाचीच सोबत लागते: तुलना कोणाशी तरी होते, विश्वास कोणावर तरी असतो, अभिमान कोणाचा तरी वाटतो. ‘मला आईवर अभिमान आहे’ असे वाक्य मूल लिहिते तेव्हा त्याला ‘अभिमान’ येत नाही असे नसते. त्या शब्दाबरोबर काय जाते एवढेच सांगायचे राहून गेलेले असते.

मुलीच्या वाक्यांबाबत थोडे कठोर राहावे लागते. मुले पळवाट काढण्यात तरबेज असतात. ‘संकोच’ वर वाक्य करायला सांगितले की ‘मला संकोच आवडत नाही’ असे लिहून मोकळी होतात, आणि त्या वाक्यात ‘संकोच’च्या जागी ‘कारले’ घातले तरी ते तितकेच बरोबर राहते. मी वर्गात हीच कसोटी मुलांना देते: तुझ्या वाक्यात त्या शब्दाऐवजी ‘कारले’ घालून बघ, वाक्य चालत असेल तर ते पुन्हा लिही. ‘पाहुण्यांसमोर गाणे म्हणायला ताईला संकोच वाटत होता, कारण तिचा घसा बसला होता’ या वाक्यात कारले चालत नाही. कोणाला, कधी आणि कशामुळे यांपैकी निदान दोन गोष्टी वाक्यात आल्याच पाहिजेत, असा दंडक घालून घ्यावा.

कोणते शब्द निवडावेत हाही प्रश्न आहे. इझाबेल बेक या अमेरिकी संशोधिकेने शब्दांचे तीन थर मांडले आहेत: रोजच्या बोलण्यातले, अनेक विषयांत लागणारे पण बोलण्यात सहसा न येणारे, आणि एखाद्या विषयापुरतेच असणारे. तिचे म्हणणे असे, की शिकवण्याचे कष्ट मधल्या थरावर घ्यावेत, आणि मराठीलाही ते लागू पडते. पुरेसा, दुर्मीळ, सावध, परिणाम, तुलना, नोंद, टाळणे, अंदाज हे शब्द भाषेच्या पुस्तकात येतात, परिसर अभ्यासात येतात आणि गणिताच्या शाब्दिक उदाहरणांतही येतात. ते एकदा आले की मुलाला सगळीकडे उपयोगी पडतात. शाळेच्या 10 शब्दांमध्ये असे चार-पाच असतील. चिठ्ठ्या तेवढ्यांच्याच कराव्यात, उरलेले फक्त लिहिता आले तरी पुरे. विषयापुरते शब्द प्रत्यक्ष पाहून शिकावेत. ठाणे खाडी तुमच्या हाकेच्या अंतरावर आहे. हिवाळ्यात रोहित पक्षी आले की ऐरोलीच्या बाजूने खाडी दाखवून आणावी, म्हणजे भरती, ओहोटी, खारफुटी, दलदल, स्थलांतर हे शब्द अर्थासह डोक्यात बसतात आणि त्यांच्या चिठ्ठ्या करण्याची गरज उरत नाही.

आता पाच-पाच वेळा लिहिण्याविषयी. ही पद्धत ताबडतोब बंद करावी असे माझे स्पष्ट मत आहे. दुसऱ्यांदा लिहिताना मूल वरच्या ओळीत पाहून उतरवते, तिसऱ्यापासून हात चालतो आणि मन खेळायला जाते. आणि पहिल्यांदाच चूक झाली असेल तर तीच चूक पाच वेळा गिरवली जाते. शब्दलेखनाच्या घोकंपट्टीवर शंका घेतली जाण्याची गोष्ट नवी नाही. जोसेफ मेयर राइस यांनी 1897 मध्ये अमेरिकी शाळांची पाहणी मांडली, तेव्हा शब्दलेखनाच्या सरावाला रोज जास्त वेळ देणाऱ्या शाळांतली मुले कमी वेळ देणाऱ्या शाळांतल्या मुलांपेक्षा सरस निघाली नव्हती. पुढे 1947 मध्ये थॉमस हॉर्न यांच्या अभ्यासात असे दिसले, की मुलाने आपली चाचणी आपणच लगेच तपासणे हाच शब्दलेखन शिकण्यातला सर्वांत परिणामकारक भाग आहे. दोन्ही अभ्यास इंग्रजीचे आहेत हे खरे, पण आठवून लिहिणे आणि पाहून लिहिणे यांतला फरक कोणत्याही लिपीत तोच राहतो.

घरी करायची कृती साधी आहे: शब्द पाहा, मोठ्याने म्हणा, झाका, आठवून लिहा, उघडून स्वतः तपासा. चुकला तर फक्त चुकलेल्या अक्षराखाली रेघ मारा, पुन्हा झाका आणि पूर्ण शब्द एकदाच लिहा. तपासण्याचे काम मुलीचे आहे, आईचे नाही. आईने लाल पेन हातात घेतले की मुलीचे लक्ष शब्दावरून आईच्या चेहऱ्यावर जाते. शब्द पुन्हा कधी विचारायचा हेही तितकेच महत्त्वाचे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये स्वतःवर केलेल्या प्रयोगांतून दाखवले होते, की विसरणे सुरुवातीला झपाट्याने होते आणि अंतर ठेवून केलेली उजळणी एका बैठकीतल्या उजळणीपेक्षा जास्त टिकते. सोमवारी शिकलेला शब्द मंगळवारी, मग गुरुवारी, मग पुढच्या आठवड्यात आणि मग महिन्याने विचारावा. शुक्रवारनंतर ती यादी पुन्हा कधीच समोर येत नाही, आणि पंधरा दिवसांनी शब्द चुकतात याचे हे दुसरे मोठे कारण आहे. बुटाचे एक रिकामे खोके घेऊन चिठ्ठ्या त्यात टाकाव्यात आणि रोज नव्या दोन, जुन्या पाच अशा काढाव्यात. अर्धा तास लागणार नाही. पंधरा मिनिटांत हे सगळे होते, आणि नोकरीवरून परत येणाऱ्या पालकाकडे त्याहून जास्त वेळ असावा अशी अपेक्षा ठेवणे मला योग्य वाटत नाही.

शनिवार-रविवारी एकदा वाक्यांचे श्रुतलेखन घ्यावे. दोन-तीन वाक्ये पुरतात, पण ती विचार करून बनवलेली असावीत: ‘शेतकऱ्याने उसाला पाणी दिले.’ ‘पावसात भिजलेल्या लाकडांवर बुरशी आली.’ ‘परीक्षेच्या तारखेला बहिणीला ताप आला.’ पहिल्या वाक्यातला ‘ऱ्या’ मुद्दाम घातला आहे. ‘शेतकऱ्या’, ‘दऱ्या’, ‘पायऱ्या’ यांत ‘र’चा जोर आधीच्या अक्षरावर पडत नाही, ‘सूर्या’, ‘आचार्यां’ यांत पडतो. दोन्ही शब्द शेजारी म्हणून दाखवले तर हा फरक मात्र कानाला कळतो. जोडाक्षरांचे बाकी काम अक्षरे फोडून दाखवण्याने होते, त्यावर जास्त लिहीत नाही.

बोलीविषयी एक गोष्ट सांगणे भाग आहे, कारण नवी मुंबईत ती टाळता येत नाही. आगरी-कोळी घरातले मूल ‘पानी’ म्हणते आणि तसेच लिहिते. ज्या घरात हिंदी बोलली जाते तिथले मूलही ‘पानी’ लिहिते, आणि शिवाय हिंदीत नपुंसकलिंग नसल्याने ‘तो पुस्तक’ किंवा ‘ती पुस्तक’ म्हणते. साताऱ्याहून किंवा विदर्भातून आलेल्या घरांची आणखी वेगळी वळणे असतात. मुलाचे बोलणे मधेच तोडून सुधारू नये. त्याने मूल गप्प होते, शुद्ध होत नाही. वहीच्या पानावर दोन रकाने करावेत, ‘आमच्या घरी’ आणि ‘पुस्तकात’, आणि शब्द समोरासमोर लिहावेत. हेच प्रमाण मराठी बोलणाऱ्या घरांनाही लागू आहे, कारण आपण सगळेच ‘केलं’, ‘गेलं’, ‘पुस्तकं’ बोलतो आणि औपचारिक लेखनात ‘केले’, ‘गेले’, ‘पुस्तके’ लिहितो. पहिला रकाना कोणाचाच रिकामा राहत नाही, त्यामुळे कोणाला कमीपणाही वाटत नाही.

सेमी-इंग्रजीतल्या किंवा इंग्रजी माध्यमातल्या मुलांचे पालक हेच इंग्रजी शब्दांबद्दल विचारतात. तिथे अडचण उलटी असते: शब्द वाक्यात फारसा बदलत नाही, पण ध्वनी आणि अक्षरे यांचा मेळ सरळ नसतो. ‘बी-ई-सी-ए-यू-एस-ई’ असे तालावर म्हणण्याने शुक्रवार पार पडतो, पण एकसारख्या घडणीचे शब्द, म्हणजे ‘नाइट’, ‘लाइट’, ‘राइट’, ‘ब्राइट’, एकत्र शिकण्याने पुढचे शब्दही सोपे जातात. झाकून लिहिणे आणि अंतर ठेवून विचारणे या दोन्ही गोष्टी तिथेही जशाच्या तशा चालतात. राज्यातल्या सर्व माध्यमांच्या शाळांत 2020 च्या कायद्याने मराठी सक्तीची झाल्यापासून इंग्रजी माध्यमातल्या मुलांचेही मराठी श्रुतलेखन होऊ लागले आहे. त्यांच्यासाठी यादी निम्मी ठेवावी आणि चिठ्ठीवर लिंग अवश्य लिहावे.

तुमच्या मुलीबाबत काळजीचे कारण मला दिसत नाही. आपली बाराखडी 400हून अधिक अक्षररूपांची आहे, जोडाक्षरे त्यापलीकडची. सोनाली नाग यांच्या कन्नडवरच्या संशोधनात असे आढळले, की अशा लिपींतली सगळी अक्षरे पक्की व्हायला चौथी-पाचवीपर्यंतचा काळ लागू शकतो. मराठीची लिपीही त्याच जातीची आहे. तिसरीत वेलांटी चुकणे यात काहीच वावगे नाही. चौथीच्या अखेरीसही मूल काना-मात्रा गाळत असेल, एकच शब्द एका पानावर तीन तऱ्हांनी लिहीत असेल आणि वाचतानाही अडखळत असेल, तर मात्र आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत आणि मग विशिष्ट अध्ययन अक्षमतेची, म्हणजे वाचन-लेखन शिकण्यातल्या खास अडचणीची, तपासणी करावी. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात तिचा समावेश आहे, त्यामुळे परीक्षेतल्या सवलती मागण्याचा मार्गही मोकळा असतो.

शेवटचा भाग शाळेशी बोलण्याचा. वर्गशिक्षिकेला पद्धत बदला असे सांगायला जाऊ नका; त्यांच्यापुढे भरलेला वर्ग असतो आणि 10 सुटे शब्द तपासायला सोपे असतात. त्यांना एवढेच विचारा, की 10 शब्दांपैकी 5 सुटे आणि 5 प्रत्यय लावून, किंवा निदान दोन वाक्यांतून घेता येतील का. तपासण्याचे काम वाढत नाही, आणि ‘दूध’ आणि ‘दुधात’ एकाच दिवशी विचारले गेले तर कोणाला सुटा शब्द येतो आणि कोणाला तो वाक्यात चालवता येतो हे शिक्षिकेलाही त्याच तासाला कळते. त्यांनी नाही म्हटले तरी अडचण नाही. शाळेची यादी सोमवारी घरी येतेच, तिला ‘ला’, ‘त’, ‘ने’, ‘चा’ लावण्याचे काम तुम्ही त्याच संध्याकाळी मुलीकडून करून घेऊ शकता.